विजेच्या सायकलीचा नियंत्रक आणि प्रवाहाचे खोटे माप

दूध, भाजीपाला, अंडी, फुले असा रोजच्या रोज विकावयाचा माल थोड्या अंतरावर नेण्यासाठी विजेवर चालणाऱ्या सायकलींचा वापर अलीकडे वाढत आहे. पेट्रोलचा खर्च नाही, सामान्यतः परवान्याची दगदग नाही आणि रात्री घरीच बॅटरी भरून घेता येते, या सोयींमुळे लहान शेतकऱ्यास व किरकोळ विक्रेत्यास हे वाहन परवडते. तथापि या सायकलीस अधिक जोर यावा म्हणून तिच्या नियंत्रकात, म्हणजे कंट्रोलरमध्ये, जो एक बदल सर्रास करून देण्यात येतो, त्याचे स्वरूप फार थोड्यांस ठाऊक असते. तो बदल कसा केला जातो, त्याने नेमके काय घडते व तो झालेला आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस असणे अगत्याचे आहे.

जुईनगरचे उदाहरण या दृष्टीने घेण्याजोगे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. जेथे भातखाचरे व मिठागरे होती तेथे वसाहती झाल्या, आणि सानपाडा व नेरुळ यांच्या मधले जुईनगर हे त्यांपैकीच एक उपनगर होय. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे घाऊक बाजार येथून जवळच, वाशी-तुर्भे येथे, आहेत. पहाटे बाजारातून माल उचलून तो वसाहतीत दारोदार पोहोचविणाऱ्याच्या दृष्टीने विजेची सायकल ही अत्यंत सोयीची. पण दोन गोष्टी त्याच्या आड येतात. एक म्हणजे उड्डाणपुलांचे चढ, आणि दुसरी म्हणजे खाडीकाठची खारट दमट हवा. पहिल्या अडचणीवर तो नियंत्रकात बदल करून घेतो. दुसरी अडचण त्या बदलाचे दुष्परिणाम वाढविते.

शहरात दोन-चार वर्षे वापरलेले असे वाहन पुढे जुन्याच्या भावाने गावाकडे जाऊ शकते. घेणाऱ्यास ते "चांगले ओढते" एवढेच सांगितले जाते. ते का ओढते, हे पेटी उघडल्याखेरीज कळत नाही.

नियंत्रकाचे काम

या सायकलीची मोटर बहुधा मागील किंवा पुढील चाकाच्या तुंब्यात बसविलेली असते. तिच्यातून तीन जाड तारा बाहेर येतात व त्यांखेरीज पाच बारीक तारा असतात. बॅटरी एकाच दिशेने प्रवाह देते. मोटरीस मात्र तीन तारांतून पाळीपाळीने प्रवाह लागतो. ही पाळी लावण्याचे काम नियंत्रक करतो. मोटरीतील तीन लहान संवेदक चाकाची स्थिती बारीक तारांवाटे कळवितात, आणि त्यानुसार नियंत्रकातील सहा विद्युत्-झडपा सेकंदास हजारो वेळा उघडतात व मिटतात. या झडपांस मॉस्फेट म्हणतात. पाटाच्या पाण्यास बारे देताना एक दार उघडावे व दुसरे लावावे, तसाच हा प्रकार आहे.

चालकाने मूठ कितीही पिळली तरी ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह जाऊ नये, अशी व्यवस्था नियंत्रकात केलेली असते. ३६ व्होल्टच्या व २५० वॉटच्या सायकलीत ही मर्यादा पुष्कळदा १५ अँपिअरच्या आसपास ठेवलेली आढळते. चढावर किंवा जागेवरून निघताना मोटरीस जेवढा प्रवाह हवा असतो तेवढा तिला मिळू दिला तर ती जळेल, म्हणून ही मर्यादा आहे. पण मर्यादा पाळावयाची तर प्रवाह किती चालला आहे हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी नियंत्रकाजवळ एक माप असते.

स्वस्त नियंत्रकात हे माप म्हणजे जाड तारेचा एक लहानसा कमानीसारखा तुकडा असतो. त्यास शंट म्हणतात. बॅटरीच्या ऋण बाजूचा सर्व प्रवाह या तुकड्यातून जातो. तुकड्याचा रोध अगदी अल्प, म्हणजे ओहमच्या काही हजारांश भागांइतका असतो. प्रवाह वाढला की तुकड्याच्या दोन टोकांमधील विद्युद्दाब त्याच प्रमाणात वाढतो, आणि नियंत्रकातील गणनयंत्र तो दाब वाचून प्रवाह ताडते. समजा शंटचा रोध ५ मिलिओहम आहे. १५ अँपिअर प्रवाह असता त्यावर ७५ मिलिव्होल्ट दाब येईल. गणनयंत्रास एवढेच शिकविलेले असते की ७५ मिलिव्होल्ट झाले की थांबावयाचे. त्यास अँपिअर दिसत नाहीत, फक्त दाब दिसतो.

शंटची तार साध्या तांब्याची नसते. तांबे तापले की त्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो व माप चुकते. एडवर्ड वेस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टंटन व मँगनिन हे मिश्रधातू प्रचारात आणले. यांचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही, आणि म्हणूनच ते मोजमापाच्या कामी वापरले जातात. शंटमध्ये हेच धातू असतात. पुढील प्रकार कळण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावयाचा आहे.

डाख देण्याचा प्रकार

अधिक जोर हवा असेल तेव्हा दुरुस्तीवाला नियंत्रकाची पेटी उघडतो आणि शंटच्या तारेवर कथील-शिशाचा डाख चढवितो. काम पाच मिनिटांचे असते. डाखामुळे प्रवाहास जाण्यास आणखी एक वाट मिळते व शंटचा रोध उतरतो. समजा तो ५ वरून ३ मिलिओहम झाला. आता ७५ मिलिव्होल्ट दाब येण्यासाठी १५ नव्हे तर २५ अँपिअर प्रवाह जावा लागेल. गणनयंत्र पूर्वीप्रमाणेच ७५ मिलिव्होल्टवर थांबते व १५ अँपिअरच चालले आहेत अशा समजुतीत राहते. सायकल एकदम जोरात ओढू लागते आणि मालक खूष होतो.

येथे मोटर बदललेली नाही, तारा बदललेल्या नाहीत, मॉस्फेट बदललेले नाहीत, बॅटरीही तीच आहे. बदलले आहे ते केवळ माप. बाजारात मापात पाप करणारा व्यापारी निदान दुसऱ्यास फसवितो. डाख दिलेल्या शंटमध्ये मालकाने पैसे मोजून स्वतःच्याच काट्यात खोट करून घेतलेली असते.

शेतकऱ्यांस याचे जवळचे उदाहरण विहिरीवरील पंपाचे देता येईल. दाब कमी असला की पंप वारंवार बंद पडतो, म्हणून स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले काडी किंवा दोरी लावून बांधून ठेवला जातो, किंवा फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घातली जाते. पंप चालू राहतो खरा. पण काही दिवसांनी मोटर गुंडाळावयास न्यावी लागते. रिलेने पंप बंद केला तेव्हा तो बिघडलेला नव्हता, आपले काम करीत होता. शंटची गोष्ट हीच. फरक एवढाच की बांधलेला रिले डोळ्यांस दिसतो आणि डाखलेला शंट पेटीत झाकलेला राहतो.

उष्णतेचा हिशेब

प्रवाह दीडपट झाला म्हणजे उष्णताही दीडपट होईल, असा समज सर्वसाधारणपणे असतो. तो चुकीचा आहे. जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ चे २५ अँपिअर झाले तर प्रवाह १.६७ पट होतो, पण उष्णता सुमारे २.८ पट, म्हणजे पावणेतीन पटीहून किंचित अधिक होते. प्रवाहाच्या वाटेवर जे जे आहे त्या प्रत्येकास ही वाढ सोसावी लागते.

तारांच्या जोडाचे उदाहरण घेऊ. खाऱ्या हवेने जोडावर हिरवट गंज चढला व तेथील रोध १० मिलिओहम झाला, असे धरले तर १५ अँपिअरला त्या जोडात २.२५ वॉट उष्णता होते. जोड कोमट होतो, एवढेच. २५ अँपिअरला तीच उष्णता ६.२५ वॉट होते. बोटाच्या पेराएवढ्या बंद जागेत एवढी उष्णता सतत होत राहिली तर प्लास्टिक मऊ पडते, जोड सैल होतो, सैल झाल्याने रोध आणखी वाढतो आणि शेवटी प्लास्टिक वितळते. जुईनगरसारख्या खाडीजवळच्या ठिकाणी पावसाळ्यानंतर जोड तपासणे सर्वच सायकलींस आवश्यक आहे. डाख दिलेल्या सायकलीस ते न केल्यास घात होतो.

मॉस्फेटचा रोध तापल्यावर वाढतो व त्यामुळे ते अधिकच तापतात. त्यांचा शेवट बहुधा आतल्या आत जोडले जाण्यात होतो, म्हणजे दार उघडेच राहते. मोटरीतील तारेवरील लाखेचा थर उष्णतेने ठिसूळ होतो. आतील चुंबक साध्या प्रतीचे असल्यास सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांचे चुंबकत्व कायमचे उणे होऊ लागते, आणि ज्या मोटरीत नायलॉनचे दाते असतात तेथे ते दाते मऊ पडतात. यानंतर सायकल पूर्वीपेक्षाही कमी ओढते. मालक मग पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे जातो, आणि थोडा अधिक डाख चढविला जातो.

डाखाचा आणखी एक दोष आहे. कथील व शिसे हे शुद्ध धातूंप्रमाणेच तापल्यावर रोध वाढविणारे आहेत. वरील उदाहरणात डाखाची वाट ७.५ मिलिओहमची येते. ती ६० अंशांनी तापली तर सुमारे ९.३ मिलिओहम होते व एकंदर माप ३ वरून ३.२५ वर जाते. म्हणजे थंड असता २५ अँपिअर सोडणारा नियंत्रक तापल्यावर सुमारे २३ वर थांबतो. रस्त्यावरील हादऱ्यांनी डाखास तडा गेला तर मर्यादा अचानक बदलते. कॉन्स्टंटन आणि मँगनिन ज्या गुणासाठी घेतले, तोच गुण एका थेंबाने घालविलेला असतो.

बॅटरीवरील ताण

नियंत्रक जळला तर नुकसान पैशाचे होते. बॅटरीची गोष्ट निराळी आहे, कारण ती रात्री घरात असते.

३६ व्होल्टची १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी घेऊ. तिच्यात १० घट एकापुढे एक व असे ४ संच शेजारी शेजारी असतात; एकूण ४० घट, प्रत्येकी २.५ अँपिअर-तासांचे. १५ अँपिअर घेतले असता प्रत्येक घटावर ३.७५ अँपिअरचा भार येतो. २५ घेतले तर ६.२५ येतो. घटाची सतत देण्याची मर्यादा ५ अँपिअर असेल, तर पहिला भार तिच्या आत आहे आणि दुसरा तिच्या बाहेर. घट आतून तापतात. मधल्या घटांस उष्णता बाहेर टाकण्यास वाव नसतो, म्हणून ते अधिक तापतात व लवकर थकतात. पुढे ४० पैकी दोन-चार घट कमजोर झाले की उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो.

बॅटरीत तिचे स्वतःचे रक्षक मंडल असते. त्यास बीएमएस म्हणतात. प्रवाह फार झाला तर ते बॅटरी तोडते. डाखलेल्या नियंत्रकाने २५ अँपिअर मागितले व बीएमएसची मर्यादा २० ची असली, तर चढाच्या मध्यावर सायकल बंद पडते. येथे खरा धोका सुरू होतो. बीएमएसमध्येही शंटच असतो. "बॅटरी मधेच तुटते" ही तक्रार घेऊन मालक गेला असता त्या शंटवरही डाख चढविला जातो, किंवा बीएमएस वगळून तारा थेट जोडल्या जातात. प्रवाहाची मोजणी करणारे दोन पहारेकरी होते. दोघांनाही आता खोटे दिसते, किंवा दुसरा तर जागेवरूनच काढून टाकलेला असतो. थेट जोडणीत केवळ प्रवाहाचीच नव्हे, तर एखादा घट प्रमाणाबाहेर भरला किंवा उतरला तर तोडण्याचीही सोय नाहीशी होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात भरावयास लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा एक मुलगा भाजला व पुढे दगावला. त्या वाहनात असा बदल झालेला होता, असे येथे म्हणावयाचे नाही. लिथियम बॅटरी बिघडली असता घरात काय होऊ शकते, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावे. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी लागलेल्या अशा आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक करण्यात आले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. परंतु कारखान्यातून कसोटीस उतरून आलेल्या बॅटरीचे रक्षक मंडल दुकानात वगळले गेले, तर ती कसोटी व्यर्थ होय.

हॉल संवेदक

किमती नियंत्रकांत शंटऐवजी किंवा शंटच्या जोडीने हॉल संवेदक असतात. प्रवाह जाणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र विशिष्ट पट्टीवर पडले असता पट्टीच्या कडांमध्ये अल्पसा दाब उत्पन्न होतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हा परिणाम शोधला. या पद्धतीत मुख्य प्रवाहाशी गणनयंत्राचा प्रत्यक्ष संबंध येत नाही आणि मोटरीच्या तारांतील उलटसुलट प्रवाहही मोजता येतो. मोटरीतील चाकाची स्थिती सांगणारे संवेदक याच तत्त्वावर चालतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. नावाच्या सारखेपणामुळे दोहोंची गल्लत करू नये.

या संवेदकांच्या बाबतीत प्रवाहाचा काही भाग बाजूच्या तारेने वळवून माप उतरविले जाते. अशा नियंत्रकात पुष्कळदा दोनच तारांतील प्रवाह मोजून तिसऱ्याचा हिशेबाने काढलेला असतो. दोन्ही ठिकाणचा बदल तंतोतंत सारखा झाला नाही, आणि हाताने केलेला बदल तसा होत नाही, तर तिसऱ्या तारेचा हिशेबही चुकतो. मोटर गुरगुरते, थरथरते, व मॉस्फेट जळतात. सबब संवेदक नादुरुस्त झाल्यास त्याच मापाचा नवा बसविणे, याहून वेगळा उपाय करू नये.

काही नियंत्रकांत प्रवाहाची मर्यादा पडद्यावरील कळांनी कमी-जास्त करता येते. हा प्रकार डाखापेक्षा वेगळा आहे, कारण तेथे माप खरे राहते व केवळ मर्यादा बदलते. ती कारखान्याने आखलेल्या कमाल आकड्याच्या आत ठेवावी.

ओळखावे कसे

जुनी सायकल घेताना प्रथम बॅटरी सोडवून बाजूला ठेवावी आणि काही मिनिटे थांबावे. नियंत्रकातील धारित्रात वीज साठून राहते. बॅटरी सोडविलेली असताना चाक हाताने फिरवून पाहावे. चाक अडखळत, जड फिरत असेल आणि मोटरीच्या तीन जाड तारा नियंत्रकापासून सोडविताच मोकळे फिरू लागले, तर मॉस्फेट जळलेला आहे असे समजावे.

नंतर पेटीचे स्क्रू काढून आतील पट्टी सरकवून घ्यावी. शंटची कमान स्वच्छ, गोल व एकसारख्या जाडीची दिसली पाहिजे. तिच्यावर चकाकणारा गठ्ठा, दोन कमानींच्या मध्ये भरलेले कथील किंवा शेजारी जोडलेला तांब्याच्या तारेचा तुकडा दिसला, तर बदल झालेला आहे. कमानीची दोन टोके जेथे पट्टीस जोडलेली असतात तेथील डाख मूळचा असतो. त्यास दोष देऊ नये. पेटीच्या स्क्रूंवर ओरखडे आहेत काय, जोडांचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडले आहे काय, बॅटरीच्या वेष्टनावर पुन्हा चिकटपट्टी गुंडाळली आहे काय, हेही पाहून घ्यावे.

डोळ्यांनी खात्री होत नसल्यास मोजून पाहता येते. त्यासाठी एकदिश प्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर हवा. घरगुती वायरिंगच्या कामी वापरला जाणारा साधा चिमटा-मीटर केवळ उलटसुलट प्रवाह मोजतो. बॅटरीच्या तारेवर तो लावला तर शून्य दाखवील व पाहणाऱ्याची फसगत होईल. चाक अधांतरी फिरवूनही उपयोग नाही, कारण भाराखेरीज प्रवाह वाढत नाही. बॅटरीच्या वाटेवर प्रवाहमापक जोडून सायकल माल लादून चढावर न्यावी आणि सर्वांत मोठा आकडा टिपावा. नियंत्रकाच्या पेटीवर १५ अँपिअर छापलेले असता २४-२५ मिळाले, तर वेगळा पुरावा नको.

पूर्ववत करणे

चढविलेला डाख काढणे अशक्य नसते. तांब्याच्या विणलेल्या पट्टीने तो टिपून घेता येतो. कथील ६३ व शिसे ३७ या प्रमाणातला डाख १८३ अंशांस वितळतो, त्यामुळे शंटच्या मिश्रधातूस अपाय न होता काम होते. तथापि टोकांचा मूळ डाख ढिला होऊ देऊ नये. मॉस्फेट ज्या धातूच्या पट्टीवर दाबून बसविलेले असतात तेथे मधोमध विद्युत्-रोधक पापुद्रा असतो. तो विसरला किंवा फाटला तर पेटी बंद करताच नियंत्रक जळतो. हे काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे. नियंत्रक फार दिवस तापलेला असेल तर नवा घेणेच स्वस्त पडते. बीएमएस वगळलेली बॅटरी मात्र दुरुस्तीस न ठेवता वापरातून काढावी.

याच ज्ञानाचा एक चांगला उपयोगही आहे. बॅटरी जुनी झाली व तिला १५ अँपिअर झेपेनासे झाले, तर मर्यादा खाली आणणे हिताचे असते. दोन सारख्या शंट-तारा शेजारी शेजारी असलेल्या नियंत्रकात त्यांपैकी एक कापली तर रोध दुप्पट होतो व मर्यादा निम्म्यावर, म्हणजे १५ ची साडेसातवर येते. सपाट रस्त्यावर तेवढ्यात काम भागते. माप येथेही बदललेच, पण चूक झाली तरी ती कमी प्रवाहाच्या बाजूस होते.

जोर का पुरत नाही

डाख देण्याची पाळी मुळात का येते याचा विचार केला पाहिजे, नाहीतर उपदेशास अर्थ उरत नाही. विक्रेत्यास चढ चढावयाचाच आहे.

समजा चालक, सायकल व माल मिळून वजन २०० किलो आहे, वेग ताशी १५ किलोमीटर आहे आणि चढ २० मीटरला १ मीटर आहे. मोटर व नियंत्रक मिळून ७० टक्के वीज कामी लावतात असे धरले, तर ३६ व्होल्टला सुमारे २० अँपिअर लागतील. सपाटीवर याच वजनास जेमतेम ४ पुरतात. माल ५० किलोंनी कमी करून एकंदर वजन १५० केले, तर चढावर १५ ते १६ अँपिअर लागतात. २०० किलो ठेवूनच चालकाने पायडल मारून १०० वॉटची भर घातली, तर ४ अँपिअर वाचतात. वेग ताशी १२ वर आणला तरीही तेवढेच वाचतात. टायरमध्ये हवा कमी असल्याने घर्षण दुप्पट झाले, तर तेथे ३ अँपिअर नाहक खर्ची पडतात. ब्रेक घासत असल्यास आणखी. पुष्कळ सायकलींत जो जोर शंटमध्ये शोधला जातो तो टायरमध्ये हरवलेला असतो.

रोज १०० किलोंवर माल न्यावयाचा असेल तर ही सायकल त्या कामाची नव्हे. दोन खेपा कराव्यात, किंवा दोन-तीन जणांनी मिळून नोंदणीकृत विजेची मालवाहू तीनचाकी वापरावी.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विद्युत् वाहनाच्या मोटरीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी व बॅटरीखेरीज वजन ६० किलोंच्या आत असते, ते मोटार वाहन गणले जात नाही. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी नमुना तपासून ही सवलत मिळते. शक्ती किंवा वेग वाढवून वाहन या मर्यादेबाहेर नेले की सवलत जाते. नोंदणी, परवाना व विमा या सर्वांची गरज उत्पन्न होते. मोटार वाहन अधिनियमाखाली अनधिकृत फेरबदलास मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०२२ साली अशा बदललेल्या वाहनांविरुद्ध मोहीमही काढली होती. अपघात झाल्यास विम्याअभावी सर्व भरपाई मालकावर येते, ही गोष्ट दंडाहून मोठी आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने गावात अशा किती सायकली आहेत याची यादी करून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकेकदा त्या एकत्र पाहाव्यात. प्रवाहमापक गावात एक असला तरी पुरतो. पाहणी झाली की नियंत्रकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस तारीख, चढावर मिळालेला सर्वांत मोठा प्रवाह व पाहणाऱ्याचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावे, आणि झाकणाची रबरी कडा नीट बसवून मगच स्क्रू आवळावेत. पुढच्या वेळी आकडा वाढलेला दिसला, तर मधल्या काळात पेटी कोणी उघडली होती हे मालकास विचारता येईल.